ग्रामपंचायतीतलं बंद इंटरनेट सुरू कसं करून घ्यायचं

मी अकोले तालुक्यात सेवा केंद्र चालवते. पीकविम्याची मुदत जवळ आली की वाड्यांवरची माणसं पायी येतात आणि नेट गेलं की माझ्या ओट्यावर बसून राहतात. एका अर्जापायी रोज बुडतो, वर तालुक्याच्या जीपचं भाडं. विकसनशील देशांत शंभर माणसांमागे दहा ब्रॉडबँड जोडण्या वाढल्या की आर्थिक वाढीचा दर 1.38 टक्के बिंदूंनी चढतो, असा हिशोब जागतिक बँकेने 2009 मध्ये मांडला होता. ओट्यावरचे ते बुडालेले रोज त्या हिशोबात कुठे धरायचे, हे मला रोज दिसतं.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर (उजेडावर इंटरनेट वाहून नेणारी काचेच्या तंतूची केबल) न्यायची योजना 2011 मध्ये मंजूर झाली; तीच आजची भारतनेट. तुमच्याही गावात लाइन येऊन पडली असेल. आधी ती शोधा.

शिपायाकडून किल्ली घ्या आणि ग्रामपंचायतीत ती लाइन ज्या इंटरनेटच्या पेटीला जोडलीय, तिच्यावरचे दिवे बघा. एकही दिवा नसेल तर वीज किंवा बॅटरी गेलीय. ‘एलओएस’चा लाल दिवा असेल तर फायबरमधून उजेड येत नाहीये. आमच्याकडे तोच लाल दिवा कित्येक महिने होता. शेवटी कपाट सरकवलं, तर मागे पिवळी बारीक वायर काटकोनात दुमडलेली! हलक्या हाताने तिला मोठा वळसा दिला आणि दिवा हिरवा झाला. वायरच्या तोंडाला डोळा लावू नका, आतला उजेड दिसत नाही पण डोळ्याला घातक असतो. नळाच्या चारीत केबल तुटली असेल तर मात्र हात लावू नका, जागेचा फोटो काढून तक्रार करा.

तक्रार तोंडी नको, क्रमांक घ्या. आठ दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ वेग तपासून वहीत लिहा. 2023 पासून ब्रॉडबँड म्हणवायला किमान 2 एमबीपीएस वेग लागतो. वहीत त्याहून कमी आकडे असतील तर तोच तुमचा पुरावा.

ती वही घेऊन ग्रामसभेत उभ्या राहा, उभे राहा. शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र आणि जोडणी हवी असलेल्या घरांची यादी ठरावात घालायला लावा. ठरावाची सहीशिक्क्याची नक्कल जोडून अर्ज द्या, पोच घ्या. तरीही हालचाल नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. त्यात एवढंच विचारा: आमची जोडणी कागदावर कधीपासून चालू आहे, आणि गेल्या वर्षात किती दिवस बंद होती? उत्तराची मुदत 30 दिवस. तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहा.