वीस पीसी, एक इमेज: दारव्ह्याकडच्या लॅबमधलं काम

दारव्हा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी लॅब असिस्टंट म्हणून लागलो, तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्ट्या विंडोज टाकण्यातच जायच्या. वीस पीसी आणि एक पेनड्राइव्ह. विंडोज, ड्रायव्हर, मराठीचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड, टॅली, प्रिंटर असं सगळं धरून एका मशीनला अर्धा दिवस लागायचा. मध्येच लाइन गेली की पुन्हा पहिल्यापासून. अपडेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, आणि दिवसाचा डेटा दुपारच्या आतच संपलेला.

म्हणून या कामात नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी नेटवर्कवरून इमेज, म्हणजे एका तयार पीसीच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, टाकायला शिकवतो. सर्व्हर एकदा उभा राहिला की पुढे इंटरनेट लागत नाही. लॅबमधला स्विच आणि केबल पुरतात. आपल्या खेड्यांसाठी याहून मोठी सोय नाही.

पीसी हार्ड डिस्कऐवजी नेटवर्क कार्डावरून बूट होतो, त्याला पीएक्सई म्हणतात. कार्ड आधी डीएचसीपीकडे, म्हणजे नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडे, आयपी (स्वतःचा पत्ता) मागतं. त्या उत्तरातच सर्व्हर कुठला आणि बूट फाइल कुठली हेही यावं लागतं (ऑप्शन ६६ आणि ६७). मग टीएफटीपी या फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने, यूडीपी पोर्ट ६९ वरून, ती फाइल येते, पुढे एक छोटं लिनक्स रॅममध्ये चढतं आणि ते डिस्कवर इमेज उतरवतं. या सगळ्यासाठी मी फॉग हे सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे, आणि एका जुन्या पीसीवर डेबियन लिनक्स टाकून त्यावर बसवलंय.

पहिल्यांदा जोडलं तेव्हा काळ्या पडद्यावर ‘पीएक्सई-ई५३’ एवढंच येऊन थांबलं. शिपाईभाऊ म्हणाले, “सर, हे तं पुढंच जाऊन नाही राह्यलं.” दोन दिवस मी केबली बदलत होतो. केबलचा काही संबंधच नव्हता. हे तीन नंबर वहीत लिहून ठेवा. ई५१ म्हणजे डीएचसीपीने उत्तरच दिलं नाही, तिथे केबल आणि स्विच बघा. ई५३ म्हणजे आयपी मिळाला, पण फाइलचं नाव कोणी सांगितलं नाही. ई३२ म्हणजे फाइल मागितली, पण टीएफटीपीकडून वेळेत उत्तर आलं नाही. अशा वेळी फायरवॉल तपासा. माझ्याकडे वायफायचा राउटर त्याच स्विचला होता आणि सर्व्हरच्या आधी तोच आयपी वाटत होता. त्याचं डीएचसीपी बंद केलं आणि फॉगचा निळा मेनू आला. लेगसी (जुन्या बायोसच्या) आणि यूईएफआय (नव्या पद्धतीने बूट होणाऱ्या) मशीनची बूट फाइल वेगवेगळी असते, हेही तेव्हाच कळलं. यूईएफआय असेल तर सिक्युअर बूट (सही नसलेली बूट फाइल अडवणारी सेटिंग) बंद करून बघा.

सगळ्यात जास्त वेळ मास्टर मशीनला, म्हणजे ज्याची इमेज घ्यायची त्या पीसीला, द्या. तिथे राहिलेली चूक वीस ठिकाणी जाते. टायपिंगच्या मुलांना लागणारे फॉन्ट उघडून बघा, प्रत्येक सॉफ्टवेअर एकदा चालवा. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू असला की विंडोज खऱ्या अर्थाने बंद होतच नाही आणि इमेज घेताना पार्टक्लोन, म्हणजे डिस्कची नक्कल करणारं फॉगमधलं सॉफ्टवेअर, अडतं. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर तोही काढा. शेवटी सिसप्रेप जनरलाइझ (त्या एका मशीनची ओळख विंडोजमधून काढणं) करून शटडाउन, आणि इमेज घेईपर्यंत ते मशीन डिस्कवरून पुन्हा सुरू करू नका. इमेज एक असली तरी विंडोजचं लायसन्स प्रत्येक मशीनला आपापलं लागतं, हे प्राचार्यांना आधीच सांगा.

वेग स्विचवर ठरतो. आमची इमेज २० जीबीची. १०० एमबीपीएसच्या स्विचवर एका मशीनला अर्धा तास, म्हणजे वीस मशीनना नऊ-दहा तास. मल्टिकास्टने एकच प्रवाह सगळ्यांना जातो, पण सगळ्यात संथ डिस्कच्या चालीने. खराब डिस्कवालं मशीन त्या फेरीतून बाजूला काढा. नंतर गिगाबिट स्विच आला, तरी चार पीसी १०० वरच अडकले. कनेक्टर कापून पाहिले तर आठपैकी चारच तारा क्रिंप केलेल्या. गिगाबिटला आठही लागतात.

आधी एकाच मशीनवर टाकून दिवसभर वापरा, मग बाकीच्यांना हात लावा. सर्व्हर आणि स्विच दोन्ही यूपीएसवर ठेवा. मध्येच लाइन गेली तर ज्या पीसीवर लिहिणं चालू होतं ते पुन्हा करावे लागतात, इमेज मात्र सर्व्हरवर सुरक्षित राहते. मे महिन्यात मी सकाळी सातलाच बसतो.

परवा दिग्रसकडच्या एका मुलाचा फोन आला. “सर, ई५३ येऊन राह्यलं.”

“वायफायचा राउटर त्याच स्विचला आहे का?”

थोडा वेळ फोनवर नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाला, “हो सर. आहे.”