सडबरी आणि आसपासच्या खेड्यांतील चर्च कशी पाहावीत

उन्हाळ्यात मुलांकडे लंडनला जाणाऱ्या पुण्यातील ज्येष्ठांना माझे आग्रहाचे सांगणे आहे, की एक दिवस सफोक परगण्यातील सडबरी या लहानशा बाजारगावासाठी राखून ठेवावा. लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकातून निघून मार्क्स टे येथे गाडी बदलावी. तेथून सुटणारी छोटी गाडी चॅपल गावाजवळच्या ३२ कमानींच्या विटांच्या पुलावरून साधारण २० मिनिटांत सडबरीला पोचते. बाजार गुरुवारी आणि शनिवारी भरतो, म्हणून त्यांपैकी एक दिवस निवडावा. रविवारी खेड्यांकडच्या बसचा भरवसा नसतो.

चित्रकार गेन्सबरो याच गावचा. चौकातील त्याचा पुतळा पाहून सेंट ग्रेगरी चर्चकडे वळावे. १३८१ च्या शेतकरी उठावात लंडनमध्ये शिरच्छेद झालेले आर्चबिशप सायमन यांची कवटी तेथे जतन केलेली आहे. ती पाहायची असल्यास आधी चौकशी करावी.

खरा वेळ मात्र सुमारे पाच किलोमीटरवरील लाँग मेलफर्डच्या होली ट्रिनिटी चर्चला द्यावा. लगेच आत शिरू नये. आधी बाहेरून सावकाश प्रदक्षिणा घालावी. या भागात बांधकामाचा चांगला दगड मिळत नाही, त्यामुळे भिंती चकमकीच्या दगडाच्या आहेत. जवळ जाऊन पाहिले, की काळपट, काचेसारख्या तुकड्यांच्या पृष्ठभागात फिकट दगड एका पातळीत बसवलेला दिसतो आणि वर ठळक अक्षरांची ओळ उमटते. ही पंधराव्या शतकात लोकरीच्या कापडावर श्रीमंत झालेल्या दात्यांची नावे आहेत. आपल्या आत्म्यासाठी प्रार्थना करा, अशी विनंती त्यांत आहे. आपल्या देवळांच्या पायऱ्यांवरील देणगीदारांची नावे वाचत मोठे झालेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

दाराची जड लोखंडी कडी फिरवून आत जावे. चपला काढायच्या नसतात, टोपी मात्र काढावी. दार मागे नीट लावून घ्यावे, नाहीतर पाखरे आत शिरतात. जुन्या रंगीत काचा उंचावर आहेत, म्हणून लहान दुर्बीण जवळ असावी. निघताना पेटीत दोन-तीन पौंड अवश्य टाकावेत, कारण अशा वास्तूंची डागडुजी बरीचशी देणग्यांवरच चालते.

दिवस शिल्लक असल्यास बसने लॅव्हनम गाठावे. तेथील चर्चचा मनोरा सुमारे ४३ मीटर उंच असून त्यावर द व्हेअर या उमराव घराण्याचे तारे आणि स्प्रिंग या कापड व्यापारी घराण्याच्या खुणा शेजारी शेजारी कोरलेल्या आहेत. गल्ल्यांतील लाकडी सांगाड्यांची कललेली घरे पाहताना वाड्यांची आठवण होते. पण परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच थांब्यावर पाहून लिहून घ्यावी.