मास्टरांचे डाव असे चाळा
बुद्धिबळात ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चाली) संपलं की पुढे काय खेळायचं सुचत नसेल, तर लिचेस या बुद्धिबळाच्या वेबसाइटवर अ‍ॅनालिसिस बोर्ड उघडा, पुस्तकाच्या चिन्हावर टिचकी मारा आणि ‘मास्टर्स’ निवडा. १९५२ पासूनचे, २२०० च्या वर रेटिंग (ताकदीचा आकडा) असलेल्या खेळाडूंचे लाखो डाव तिथे फुकट आहेत. कारो-कान या ओपनिंगमध्ये पांढऱ्याने प्यादं ई५ वर सरकवलं की काळा बहुतेकदा उंट एफ५ वर काढतो, हे लगेच दिसतं. पण कोणती चाल किती वेळा जिंकते, त्या टक्केवारीत अडकू नका! खालच्या यादीतला एक डाव उघडा, इंजिन (चाली सुचवणारा प्रोग्राम) बंद ठेवा. जिंकणाऱ्याची पुढची चाल आधी वहीत लिहा, मगच बाण दाबा. मी आठवड्याला एकच डाव घेते, पण दोनदा. जिथे माझा अंदाज चुकतो, तिथेच इंजिनाला विचारते.