क्रेट आणला पण कुत्रा आत जाईना? या चुका टाळा

क्रेट, म्हणजे कुत्र्याचा जाळीचा पिंजरा, घरी आला की पहिल्याच रात्री पिल्लाला आत ढकलून कडी लावायची, अन् मग ते रात्रभर केकाटतं म्हणून वैतागायचं. अरे भाऊ, आधी त्याला तिथे बसावंसं तं वाटू द्या! सुरुवातीला दार उघडंच ठेवा, जेवणाचं भांडं आत सरकवा, तो आपापला जाईल-येईल. मग खाताना दार नुसतं लोटायचं, खाणं संपलं की उघडायचं, हळूहळू वेळ वाढवायचा. कोणाला आठवडा लागतो, कोणाला महिना.

"पुढे मोठा होईलच ना" म्हणून थेट मोठ्या लॅब्राडोर कुत्र्याच्या मापाचा क्रेट घेतात, अन् पिल्लू एका कोपऱ्यात सू करून दुसऱ्यात मस्त झोपतं. उभं राहता, वळता, पाय ताणून पडता आलं की बस. मोठा घेऊन ठेवलाच असेल तर मधे पार्टिशन टाका.

पण नागपुरात खरी डेंजर चूक उन्हाळ्यातली. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो, आणि मे महिन्यात ४५ डिग्रीत बाल्कनीत नाहीतर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला टेकवलेल्या क्रेटमधून त्याला गार फरशीवर सरकताही येत नाही, वरून चादर टाकली तर झालंच. नवतप्यात (मे अखेरच्या त्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) क्रेट आतल्या खोलीत घ्या, जाड गादी काढा, पाण्याची वाटी जाळीला अडकवा. कूलर चालू असेल तर खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर नुसता दमटपणा होतो. आणि दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला अन् घरी कोणीच नाही, मग? म्हणून उन्हाळ्यात एकटा ठेवताना क्रेटचं दार उघडं ठेवून खोली बंद करा. जोरजोरात धापा, लाळ, लालभडक हिरड्या, झोकांड्या दिसल्या तर साध्या पाण्याने ओला करा, पंखा लावा अन् लगेच डॉक्टरकडे न्या.

रात्री रडला की लगेच बाहेर काढून खेळवू नका, पण दुर्लक्षही नको. छोट्या पिल्लाला सू धरवतच नाही, पट्टा लावून खाली न्या, सू झाली की गप्प परत आत. चप्पल फाडली म्हणून शिक्षा म्हणून तर कधीच कोंडू नका. गळ्यातला पट्टा, हार्नेस (छातीचा पट्टा) आत जाताना काढायचा, बिल्ला जाळीत अडकला तर गळफास बसतो.

आणि मोठा कुत्रा जाळी चावून दात तोडत असेल, नखांतून रक्त काढत असेल तर त्याला हट्टी म्हणू नका, तो घाबरलाय. क्रेट वापरणंच थांबवा, आधी व्हेटला (जनावरांच्या डॉक्टरला) दाखवा.