परवडणारी टूरिंग सायकल पारखून कशी घ्यावी

जळगावहून अजिंठ्यापर्यंतचे साठेक किलोमीटर अंतर, पाठीवर एक पिशवी अडकवून, सुस्थितीतल्या कोणत्याही सायकलवर कापता येते. मात्र तंबू, कपडे, पाणी आणि दुरुस्तीचे सामान मिळून पंधरा-वीस किलो ओझे लादून चाळीसगावहून औट्रम घाट चढायचा असेल, किंवा तापीच्या सपाट खोऱ्यातून सुमारे १,१५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळला पोहोचायचे असेल, तर सायकलीची परीक्षा वेगळी होते. दुकानात बहुतेक ग्राहक तीनच गोष्टी विचारतात: गिअर किती, डिस्क आहे का आणि शॉकर आहे का. स्वस्त सायकल बनवणाऱ्यांना हे ठाऊक असल्यामुळे ते खर्च तिथेच करतात आणि बचत डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी करतात. म्हणून पारख करण्याचा क्रम उलटा ठेवावा. जे भाग नंतर बदलणे महाग किंवा अशक्य असते ते आधी पाहावेत, म्हणजे प्रथम फ्रेम आणि लगोलग मागचे चाक. सीट, पायडल, टायर, ब्रेकचे रबर या वस्तू पुढे हप्त्याहप्त्याने बदलता येतात.

या लेखात परवडणारी सायकल म्हणजे साधारण वीस-पंचवीस हजारांच्या आतली, नवी किंवा वापरलेली, असे धरले आहे. या किमतीत ‘टूरिंग’ म्हणून विकली जाणारी सायकल क्वचितच मिळते. हायब्रीड (रोड आणि माउंटन सायकलच्या मधली) किंवा बिनशॉकरची साधी माउंटन सायकल निवडून तीच प्रवासासाठी सजवावी लागते. दुकानात जाताना मोजपट्टी, पाच-सहा मीटर बारीक दोरा आणि एक लहान चुंबक सोबत न्यावा.

फ्रेम

प्रथम चुंबक लावून पाहावा. चिकटला तर फ्रेम पोलादी आहे, न चिकटल्यास बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. स्वस्तातले पोलाद जड असते, पण जोड उकलला तर तालुक्याच्या गावीही तो सांधणारा कारागीर सापडतो. अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम हलकी आणि न गंजणारी असते, पण ती सांधण्याचे काम वेगळे असल्यामुळे वाटेत भरवसा ठेवता येत नाही. दोन्हींवर लांबचा प्रवास होतो. मी स्वतः या प्रश्नावर फारसे भांडत नाही. जोडांवरचे वेल्डिंग मात्र सलग, सारख्या जाडीचे आणि खड्डे नसलेले असावे, विशेषतः हँडलच्या नळीपाशी आणि पायडलच्या एक्सलभोवती.

पुढे कॅरिअरच्या सोयी पाहाव्यात. मागच्या चाकाच्या एक्सलजवळ दोन्ही बाजूंना आणि वर सीटखालच्या नळ्यांवर स्क्रू बसण्यासाठी आटे पाडलेली भोके असली पाहिजेत. ती नसल्यास पट्ट्या आवळून कॅरिअर बसवता येतो, पण खडबडीत रस्त्यावर तो हळूहळू सरकतो आणि रंगासकट नळीही घासतो. मडगार्डसाठी वेगळी भोके असली तर उत्तमच. फ्रेम आणि टायर यांच्यामध्ये अंगठा आरामात शिरेल एवढी फट हवी, कारण पावसाळ्यात काळ्या मातीचा गारा चाकाला चिकटू लागला की बारीक फटीच्या सायकलचे चाक फिरेनासे होते आणि ती अक्षरशः खांद्यावर घ्यावी लागते.

आता मोजपट्टी घ्यावी. पायडलच्या एक्सलच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या एक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर ४४० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असावे. शर्यतीच्या सायकलमध्ये ते ४१० च्या आसपास असते. अशा सायकलच्या कॅरिअरला बाजूच्या बॅगा लावल्या की पायडल मारताना प्रत्येक फेरीला टाच बॅगेवर आपटते. अंतर जास्त असले की ओझेही एक्सलच्या थोडे पुढे राहते आणि चढावर पुढचे चाक हलके पडत नाही.

फ्रेम सरळ आहे की नाही हे दोऱ्याने कळते. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो तिथे एका बाजूला दोरा बांधावा, तो पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घालावा आणि दुसऱ्या बाजूने परत आणून त्याच उंचीवर ताणून बांधावा. मग सीटच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या दोऱ्याचे अंतर मोजावे. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असल्यास फ्रेम वाकडी आहे. नवी सायकल घेताना दुकानदार या तपासणीकडे कौतुकाने किंवा वैतागाने पाहतो, पण वापरलेल्या सायकलीच्या बाबतीत ती टाळू नये.

मागचे चाक

टूरिंगमध्ये रडकुंडीला आणणारा भाग कोणता असे विचारले तर उत्तर एकच आहे. ओझ्याचा मोठा वाटा मागच्या चाकावर पडतो, चेनची ओढही त्यालाच सोसावी लागते. शिवाय उजवीकडे गिअरच्या दातेरी चकत्यांना जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे स्पोक अधिक उभे आणि अधिक ताणलेले असतात. वाटेत तुटणारा स्पोक बहुतेक वेळा उजवीकडचाच असतो, तोही हबजवळच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याजवळच्या, वळणाशी तुटतो, आणि तो बदलायला चकत्या काढाव्या लागतात. म्हणून मागच्या चाकाला ३६ स्पोक असावेत. ३२ चालतील, त्याहून कमी असल्यास ती सायकल ओझ्यासाठी नाही. दिखाऊ नक्षीत बसवलेले मोजके स्पोक पाहून भुलू नये.

एकाच बाजूचे दोन-दोन स्पोक जोडीने चिमटीत दाबत चाकाभोवती फिरावे. एका बाजूचे सगळे स्पोक साधारण सारखे ताठ लागले पाहिजेत, आणि नखाने छेडले असता जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत. मध्येच एखादा ढिला आणि शेजारचा फार ताठ असेल, तर चाकाचा आऊट (वाकडेपणा) घाईने काढलेला आहे, किंवा रिमच वाकलेली असून स्पोकच्या जोरावर ती सरळ दाखवली जात आहे. नंतर चाक उचलून फिरवावे आणि ब्रेकच्या रबरापाशी नजर ठेवावी. एक-दीड मिलिमीटर डुगडुग दुकानातच काढून मिळते.

रिम दुहेरी भिंतीची हवी. टायर उतरवून पाहिल्यास एकेरी रिममध्ये स्पोकच्या निपलांची (स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटांची) डोकी ट्यूबच्या पट्टीखाली थेट हाताला लागतात. दुहेरी रिममध्ये ती एका आतल्या भिंतीच्या भोकांत खोल बसलेली असतात. एकेरी रिम एका चांगल्या खड्ड्यात वाकते.

यापुढची तपासणी फार थोडे लोक करतात, आणि स्वस्त सायकलीचा खरा दर्जा तिथेच उघड होतो. मागच्या चकत्या दोन प्रकारे बसवतात. जुन्या पद्धतीत फ्रीव्हील, म्हणजे चकत्या आणि त्यांना मोकळे फिरू देणारी यंत्रणा यांचा एकच तुकडा, हबवर आट्यांनी घट्ट बसते. त्यात उजवीकडचे छर्रे आत हबजवळ राहतात आणि एक्सलचा लांब तुकडा आधाराविना बाहेर येतो. सहा-सात चकत्यांच्या फ्रीव्हीलवर ओझे लादून खड्डे खाल्ले की हा एक्सल वाकतो, कधी मोडतोही. कॅसेटच्या पद्धतीत फिरणारा भाग हबचाच असतो, उजवे छर्रे अगदी टोकाशी असतात आणि एक्सलला आधार मिळतो. ओळखण्यासाठी चकत्या उलट्या फिरवून एक्सलजवळची, पाना बसणारी खाचांची रिंग पाहावी. ती चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागीच राहिली तर फ्रीव्हील. गिअर बनवणाऱ्या शिमानो कंपनीच्या स्वस्त श्रेणीत टूर्नी, त्यावर अल्टस, मग असेरा असा चढता क्रम आहे. पण मागच्या गिअरवर एखादे भारदस्त नाव आणि हबवर फ्रीव्हील अशी जोडी सर्रास दिसते, तेव्हा हबकडे पाहावे. फ्रीव्हीलची सायकल घेऊच नये असे नाही. ओझे दहा-बारा किलोपुरते ठेवणाऱ्याला आणि घाटात न जाणाऱ्याला ती पुरते. फ्रीव्हील फिरताना किंचित डुलते, तो दोष मानू नये.

गिअर: संख्या नव्हे, सर्वांत हलका गिअर

‘एकवीस गिअर’ म्हणजे पुढे तीन आणि मागे सात चकत्या, एवढाच त्याचा अर्थ. घाटात उपयोगाला येतो तो सर्वांत हलका गिअर, आणि तो काढण्यासाठी पुढच्या सर्वांत लहान चकतीचे दात भागिले मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दात एवढेच गणित करावे. पुढे २८ आणि मागे ३४ असतील तर उत्तर सुमारे ०.८२ येते. ७०० सी या मापाच्या (हायब्रीडला सहसा असणाऱ्या मोठ्या) चाकावर पायडलच्या एका फेरीत सायकल पावणेदोन मीटरच्या आसपास पुढे जाते. पुढे ४२ आणि मागे २८ असतील तर हेच अंतर सव्वातीन मीटरच्या जवळ जाते, म्हणजे प्रत्येक फेरीला जवळपास दुप्पट जोर लागतो. ओझ्यासह औट्रम किंवा तोरणमाळचा घाट चढायचा असेल तर उत्तर एकाहून कमी असलेच पाहिजे. धुळे-जळगाव-भुसावळ अशा सपाटीवरच राहायचे असेल तर दीडपर्यंतही चालेल, फक्त उन्हाळ्यात समोरून येणाऱ्या वाऱ्याला घाटाइतकाच मान द्यावा.

ब्रेक आणि शॉकर

शॉकर नको. या किमतीतला शॉकर म्हणजे जड स्प्रिंग असते. चढावर तो पायांची ताकद खातो आणि पुढचा कॅरिअर बसू देत नाही. डिस्क ब्रेक वाईट नाही, पण स्वस्त यांत्रिक डिस्कचे पॅड लहान गावात मिळण्याची खात्री नसते, आणि मागचा कॅलिपर (डिस्कला पॅडने पकडणारा भाग) फ्रेमच्या बाहेरच्या बाजूला असल्यास साधा कॅरिअर तिथे बसतच नाही. रिमला दोन्हीकडून दाबणाऱ्या साध्या व्ही-ब्रेकचे रबर आणि वायर बहुतेक सायकलवाल्यांकडे असते. ब्रेकचा दांडा पूर्ण दाबल्यावर तो हँडलच्या मुठीला टेकता कामा नये.

टायर, ट्यूब आणि काटे

खान्देशातल्या रस्त्यांच्या कडेला वेडी बाभूळ आहे आणि शेतांच्या कुंपणासाठी ओढून नेलेल्या फांद्यांचे काटे रस्त्यावर सांडतात. महामार्गावर मागून केळीचा किंवा कापसाचा ट्रक आला की सायकल साइडपट्टीवर उतरवावीच लागते, आणि काटे नेमके तिथेच असतात. त्यामुळे टायर किमान ३५ मिलिमीटर रुंद आणि आत पंक्चररोधक थर असलेला असावा. फ्रेममध्ये तेवढा रुंद टायर मडगार्डसह बसतो का, हे घेण्यापूर्वीच पाहावे.

टायरच्या बाजूवर छापलेले माप वाचावे. ‘३७-६२२’ मध्ये पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमचा व्यास दाखवतो. ६२२ म्हणजे ७०० सी. ५५९ म्हणजे माउंटन सायकलचे २६ इंच. जुन्या काळ्या सायकलचे २८ बाय दीड हे माप ६३५ चे असून ते ७०० सीच्या रिमवर बसत नाही. लहान गावात २६ इंची टायर मिळणे सोपे जाते. ७०० सी घेतल्यास एक जादा टायर घडी करून बॅगेत ठेवावा. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असला तर कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असल्यास छोटा पितळी अ‍ॅडॉप्टर जवळ बाळगावा.

वापरलेली सायकल असल्यास

हँडलच्या नळीच्या मागे, खालच्या बाजूला, रंगावर सुरकुत्या किंवा फुगवटा दिसल्यास सायकल समोरून आदळलेली आहे. तिथून परत फिरावे. पुढचे चाक उचलून हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवावे. मध्यावर खटका जाणवला तर छर्रे बसण्याच्या वाट्या खड्डाळल्या आहेत, त्या बदलता येतात. पायडलचे दांडे हाताने आडवे हलवून ढिलाई पाहावी. चेन मापायला बारा इंची पट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरल्यास चोविसावी पिन बरोबर बारा इंचांवर यावी. ती एक सोळांश इंच पुढे गेली असल्यास चेन, आणि एक अष्टमांश गेली असल्यास मागच्या चकत्याही, बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. उन्हात वर्षानुवर्षे अंगणात उभ्या राहिलेल्या सायकलच्या टायरला बाजूने बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसली तरी ते टायर टाकाऊ समजावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमवर मागच्या नळीला आवळून बसवलेला साइड स्टँड असल्यास तो काढून खाली पाहावे, कारण ओझ्यासह उभ्या केलेल्या सायकलची नळी तिथे चेपलेली असते.

ओझ्यासह फेरी

रिकामी सायकल सगळ्यांचीच छान चालते. कॅरिअर बसवून घेऊन त्यावर दहा-बारा किलोचे धान्याचे पोते घट्ट बांधावे आणि मगच फेरी मारावी. ‘भाऊ, एवढे लादून चालवू द्या, मग पैसे मोजतो’ असे सरळ सांगितल्यास बरेच दुकानदार तयार होतात. धुळेकरांना लळिंगचा चढ जवळ आहे, सपाटीवरच्या गावात रेल्वेचा उड्डाणपूल चालतो. चढावर सर्वांत हलक्या गिअरमध्ये चेन न उडता टिकते का, उतारावर हँडल थरथरते का आणि टाच पोत्याला लागते का, या तीन गोष्टी पाहाव्यात. थरथर जाणवल्यास आधी ओझे खाली आणि पुढे सरकवून पुन्हा तपासावे. तरीही राहिली तर ती फ्रेम तुमच्या ओझ्याला पुरेशी ताठ नाही.

सौदा ठरल्यावर पायडलच्या एक्सलखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा. नवी सायकल खोक्यातून सुटी येते आणि दुकानात जोडली जाते, त्यामुळे हबमध्ये आणि हँडलच्या वाट्यांत ग्रीस आहे ना हे विचारावे, शक्य असल्यास समोर भरून घ्यावे. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते आडवे चढवलेले नाहीत ना हेही पाहावे. नव्या चाकाचे स्पोक पहिल्या दीडशे-दोनशे किलोमीटरांत बसतात आणि ढिले होतात, म्हणून तेवढे चालवल्यावर आऊट पुन्हा काढून देण्याचे दुकानदाराकडून आधीच कबूल करून घ्यावे, आणि त्या वेळी उजव्या बाजूच्या मापाचे तीन-चार जादा स्पोक मागून घेऊन फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून ठेवावेत.