अमेरिकेत नव्याने येणाऱ्या कोल्हापूरकरांसाठी : टिप कोणाला, किती आणि कशी

कोल्हापुरात हॉटेलातून उठताना बडीशेपेच्या ताटलीत परत आलेल्या सुट्ट्या पैशांतले दहा-वीस रुपये तिथेच ठेवण्याची आपल्याला सवय असते, आणि एखाद्या दिवशी ते ठेवले नाहीत तरी वाढप्याचे काही अडत नाही, कारण त्याचा पगार मालक देतो. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला येणाऱ्यांनी पहिल्या आठवड्यातच हे समजून घ्यावे की इथे टेबलावर वाढणाऱ्या माणसाच्या कमाईचा मोठा भाग गिऱ्हाईक देते, आणि मालकाला तशी मुभा कायद्यानेच दिलेली आहे.

इथल्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि २००९ पासून ते बदललेले नाही. मात्र ज्यांना नियमित टिप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःकडून तासाला केवळ २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा तर १९९१ पासून तिथेच थांबलेला आहे. टिप धरूनही बेरीज ७.२५ पर्यंत पोहोचली नाही, तर उरलेली रक्कम मालकाने भरावी असा नियम आहे. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन अशा काही राज्यांनी मालकांना ही सवलत ठेवलेली नाही. तरीही टिपची अपेक्षा तिथेही असतेच. ही पद्धत मला स्वतःला न्याय्य वाटत नाही. कामगाराचे वेतन मालकाने द्यावे आणि ते पदार्थाच्या किमतीत धरावे, इतका साधा हिशोब आहे. परंतु हा वाद जेवून उठताना टिप न ठेवता घातला, तर त्याची झळ मालकाला लागत नाही. अनेक रेस्टॉरंटांत वाढणाऱ्याला आपल्या विक्रीच्या ठरावीक टक्क्यांइतकी रक्कम टेबले साफ करणाऱ्यांना आणि बारवरच्या माणसाला द्यावी लागते, म्हणजे तुम्ही काहीच ठेवले नाही तर तुमच्या टेबलापायी त्याच्याच खिशातून पैसे जातात.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये हॉटेलांनी बिलात सेवाशुल्क परस्पर लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. हे वाचून आलेली आपली मुले इथे ‘टिपची सक्ती आहे का’ असे हमखास विचारतात. कायद्याने सक्ती नाही, पण बसून जेवलेल्या माणसाने ती न देणे हे फुकट जेवून उठल्यासारखे मानले जाते.

बसून जेवण्याच्या ठिकाणी १८ ते २० टक्के हे आजचे सर्वसाधारण प्रमाण आहे. १५ टक्के दिले तर कोणी काही बोलणार नाही, परंतु ते हात आखडता घेतल्याचे लक्षण समजले जाते. टक्केवारी कर लावण्यापूर्वीच्या रकमेवर काढावी आणि सवलतीचे कूपन वापरले असेल तर सवलतीआधीच्या रकमेवर काढावी, कारण वाढणाऱ्याने काम पूर्ण जेवणाचेच केलेले असते. तोंडी हिशोबासाठी बिलाचा दशांश काढून तो दुप्पट करावा : ४३ डॉलरचे जेवण असेल तर ४.३० ची दुप्पट, म्हणजे ८.६० डॉलर. मेनूकार्डावरच्या किमतीत विक्रीकरही धरलेला नसतो, आणि तो राज्याप्रमाणे व गावाप्रमाणे बदलतो. ४० डॉलरच्या जेवणावर ८ टक्के कर आणि २० टक्के टिप धरली की खिशातून ५१.२० डॉलर जातात. ज्याला एवढे परवडत नसेल त्याने त्या दिवशी घरी भात-आमटी करावी. टिप वाचवून बाहेर जेवण्याचा मार्ग विद्यार्थ्यांनी मुळीच धरू नये. दुपारच्या बुफेत, जिथे आपण स्वतः वाढून घेतो आणि कर्मचारी केवळ पाणी देतो व ताटल्या उचलतो, तिथे १० टक्के पुरतात.

पैसे देण्याची रीत नवीन माणसाला गोंधळात टाकते. अनेक ठिकाणी वाढणारा तुमचे कार्ड घेऊन आत जातो. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, आणि बहुतेक वेळा ओटीपीही येत नाही. तो दोन पावत्या आणतो. त्यांतल्या दुकानाच्या प्रतीवर टिपची रक्कम एका ओळीत आणि एकूण बेरीज दुसऱ्या ओळीत स्वतः लिहून सही करायची व ती प्रत टेबलावर ठेवायची असते. टिप रोख द्यायची असेल तर ती ओळ कोरी न सोडता तिथे ‘कॅश’ असे लिहावे. बँकेच्या ॲपमध्ये आधी टिपविना रक्कम दिसते आणि एक-दोन दिवसांत ती वाढते; तुम्ही लिहिलेल्या बेरजेशी ती जुळत असेल तर तक्रारीचे कारण नाही.

सहा किंवा त्याहून अधिक माणसे एकत्र गेली तर अनेक रेस्टॉरंटे १८ किंवा २० टक्के रक्कम बिलातच जोडतात. आपली मंडळी गणेशोत्सवानंतर किंवा सुट्टीत पंधरा-वीसच्या घोळक्याने जेवायला जातात, तेव्हा बिल नीट न वाचता पुन्हा टिप दिली जाते, हे मी अनेकदा पाहिले आहे. वाटणी करतानाही प्रत्येक जण केवळ आपल्या पदार्थाची किंमत मोजतो. कर आणि टिप कोणाच्याच वाट्यात येत नाहीत आणि शेवटी ज्याच्या हाती बिल आहे त्याच्यावर पंचवीस-तीस डॉलरचा भुर्दंड पडतो. म्हणून आधी पूर्ण बेरीज करावी आणि मग भागावी. राहिला प्रश्न ‘आज मीच देणार’ या कोल्हापुरी हट्टाचा. दुसऱ्याने आग्रहाने बिल भरलेच, तर ‘टिप मी देतो’ असे म्हणणे इथे शोभते.

वाढणाऱ्याला लांबून ‘ओ मामा’ अशी हाक मारणे किंवा चुटकी वाजवणे इथे चालत नाही. नजरानजर होईपर्यंत थांबावे किंवा हात किंचित वर करावा. प्रत्येक टेबलाचा वाढणारा ठरलेला असतो, त्यामुळे जवळून जाणाऱ्या भलत्याच माणसाकडे मागणी करू नये. न मागता बिल आणून ठेवले म्हणजे ‘उठा’ असे सुचवले, असा अर्थ काढू नये. मात्र जेवण झाल्यावर गप्पांत दोन तास गेले, तर त्या टेबलावर दुसरे गिऱ्हाईक बसले असते हे लक्षात घेऊन थोडे जास्त ठेवावे. पदार्थ उशिरा आला तर दोष बहुधा स्वयंपाकघराचा असतो. सेवा खरोखरच वाईट असेल तर व्यवस्थापकाला बोलावून शांतपणे सांगावे.

याच्या उलट बाजूही आहे. कॉफीच्या किंवा सँडविचच्या काउंटरवर कार्ड लावले की पडदा तुमच्याकडे वळतो आणि त्यावर १८, २०, २५ टक्के असे आकडे दिसतात; मागे रांग असते आणि समोरचा बघत असतो. या भिडेला बळी पडण्याचे कारण नाही. टिप नको हा पर्याय तिथेच कुठेतरी असतो, तो निःसंकोच दाबावा. बांधून नेलेल्या जेवणावरही टिप ऐच्छिक असते.

घरपोच जेवण आणणाऱ्याला मात्र द्यावी, कारण बिलातले डिलिव्हरी शुल्क म्हणजे त्याची टिप नव्हे. बर्फ किंवा पाऊस असेल तर जरा सढळ हाताने द्यावी. केस कापणाऱ्याला आणि टॅक्सीवाल्याला १५ टक्क्यांच्या आसपास द्यावी. हॉटेलच्या खोलीत सफाई करणाऱ्यांसाठी रोज दोन ते पाच डॉलर ठेवावेत, कारण उद्या येणारी व्यक्ती वेगळी असू शकते; शेजारी आभाराची चिठ्ठी ठेवावी, नाहीतर तुमचे पैसे विसरले असे समजून ते हात लावत नाहीत.

आईवडील येणार असतील त्यांना एक गोष्ट आवर्जून कळवावी. विमानतळावरची चाकांची खुर्ची ही सेवा मोफत असते, पण इथल्या विमानतळावर ती ढकलत इमिग्रेशनपासून सामानापर्यंत नेणाऱ्या माणसाला पाच-दहा डॉलर देण्याची प्रथा आहे. परकीय चलन घेताना बहुधा शंभराच्या नोटा हाती पडतात, म्हणून काका-काकूंनी एक आणि पाच डॉलरच्या काही नोटा आधीच मागून घ्याव्यात. रुपयांची नोट पुढे करून उपयोग होत नाही. इमिग्रेशन अधिकारी, पोलीस किंवा कोणत्याही सरकारी खिडकीवरच्या माणसापुढे पैसे धरणे हा गुन्हा आहे, हेही त्यांना स्पष्ट सांगावे. विमानातील कर्मचारी, डॉक्टर आणि शिक्षक यांनाही टिप देत नाहीत.

वाटेत किंवा पुढे दुसऱ्या देशात गेलात तर हे प्रमाण सोबत नेऊ नका. जपानमध्ये टिप देतच नाहीत. ठेवलेले पैसे परत द्यायला माणूस मागे धावत येतो. जर्मनीत पाच ते दहा टक्के धरून वरची पूर्ण रक्कम पैसे देतानाच तोंडी सांगतात. फ्रान्समध्ये सेवेचा आकार किमतीतच असतो. लंडनमध्ये बिलात बहुधा १२.५ टक्के जोडलेले असतात आणि सांगून ते काढून घेता येतात. सिंगापूरच्या रेस्टॉरंटांत १० टक्के सेवाशुल्क आणि ९ टक्के कर लावलेला असतो, त्यावर आणखी काही द्यावे लागत नाही.

आपल्याकडे जशी दिवाळीची पोस्त देतात, तशी इथे डिसेंबरमध्ये इमारतीचा रखवालदार, घरकामाला येणारी बाई आणि वर्तमानपत्र टाकणारा यांना काही रक्कम पाकिटात घालून देतात. पोस्टमनला मात्र रोख पैसे देऊ नयेत. तो केंद्र सरकारचा कर्मचारी असल्याने त्याला रोख रक्कम घेता येत नाही; एका वेळी २० डॉलरपर्यंतची भेटवस्तू तो स्वीकारू शकतो, आणि एकाच घरातून वर्षभरात मिळून ५० डॉलरपेक्षा अधिक नाही.