शंटच्या प्रवाहाचा सेन्सर आधी टेबलावर तपासा

हायड्रोसेफॅलस म्हणजे मेंदूत पाणी साचण्याचा आजार, आणि शंट म्हणजे ते पाणी मेंदूतून दूर नेणारी त्वचेखालची नळी. या शंटमधून तासाला साधारण २० मिलिलिटरच्या आतबाहेरच पाणी वाहतं. त्वचेवर चिकटवायचा उष्णता-सेन्सर मधला भाग किंचित तापवतो आणि पाणी येतं ती वरची आणि पाणी जातं ती खालची, अशा नळीच्या दोन्ही बाजूंचं तापमान मोजतो. प्रवाह असेल तर खालची बाजू जास्त गरम होते.

टेबलावरच्या चाचणीत नळी त्वचेऐवजी सिलिकॉनच्या ठोकळ्यात १, २ आणि ४ मिलिमीटर खोल अशी तीनदा बसवा. ठोकळा ३७ अंशांवर ठेवा. पाणी उकळून गार केलेलंच घ्या, नाहीतर नळीत बुडबुडे धरतात. हीटरखाली मोहरीएवढा बुडबुडा अडकला तरी आकडे भरकटतात.

सिरिंज पंपावर ०, ५, १०, २० आणि ३० मिलिलिटर प्रतितास असे टप्पे लावा, पण क्रम उलटसुलट ठेवा. प्रत्येक टप्प्याला तापमान स्थिर होऊ द्या. मोठी सिरिंज कमी वेगाला झटके देत चालते, म्हणून १० किंवा २० मिलिलिटरचीच वापरा. पंपाच्या आकड्यावर विसंबू नका: बाहेर पडलेलं पाणी झाकलेल्या बाटलीत जमवून वजन करा. २० च्या वेगाला अर्ध्या तासात १० ग्रॅम भरायला हवेत. ९ भरले तर आधी सांधे बघा.

सेन्सर एक सेंटिमीटर बाजूला सरकवूनही मोजा. तिथेही प्रवाह दिसला, तर तो खोटा आहे.

रुग्णाकडे वळताना एक गोष्ट फार महत्त्वाची: चालू शंटमधूनही प्रवाह अधूनमधून थांबतो. एकदाच शून्य दिसलं म्हणून शंट तुंबला असं कधीच ठरवू नका.